नाना अन्तवी यांचा उजवा गुडघा

३ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून रोजनिशी. या गावात मनातलं सांगावं असा माणूस शोधून पाहिला. मीच निघालो.

उजवा गुडघा दुखतोय. बाहेर बोलायची सोय नाही. आसुफुआ गावच्या गादीवर बसलेल्या माणसाला, म्हणजे नानाला, दुखणं नसतं. त्याला ताप चढत नाही, त्याचं पोट बिघडत नाही. फार तर त्याला 'थोडं विसावावंसं वाटतं'. असं ओच्यामे पेप्रा सांगतो. ओच्यामे म्हणजे माझं बोलणं लोकांना आणि लोकांचं मला सांगणारा मानकरी. गादीवरच्याने थेट बोलायचं नाही, अशी रीत. मी एक वाक्य बोलतो, पेप्रा घोळवून घोळवून दहा करतो, आणि त्यात माझं एकही नसतं.

दुखण्याचं कारण मला पक्कं ठाऊक आहे. सारी नोकरी ड्रायव्हिंग लायसन्सचा इन्स्पेक्टर म्हणून झाली. अर्ध्या कुमासी शहराला नापास केलंय. कुठे काय घासतंय ते मला बसल्या जागी कळतं. कारण आहे आमचा नवा जिना. तो फोर्जुरने उभं राहून बांधून घेतला. पायऱ्या मुद्दाम उंच ठेवल्या.

फोर्जुर माझा मावसभाऊ. कोको खरेदीच्या डेपोत कारकून. त्याची आई, म्हणजे माझी मावशी, गावची ओहेमा, राणीमाता. गादीवर कोण बसणार ते ती ठरवते. तिने पोटचा मुलगा सोडून मला बसवलं. हे फोर्जुर विसरला असेल असं मानायला मी काही खुळा नाही.

८ सप्टेंबर, रविवार

मावशीने बोलावलं. ऐंशी उलटली तरी बोलताना समोरच्याला बसा म्हणत नाही.

२४ नोव्हेंबरचा दरबार. साऱ्या मुलखाचे राजे, मोठे नाना, मैदानाच्या एका टोकाला बसतात. गावोगावच्या नानांनी दुसऱ्या टोकाकडून, आपली माणसं मागे ठेवून, आधाराशिवाय एकट्याने चालत जायचं आणि मुजरा करायचा. गेल्या वर्षी मी माझ्यावर मानाची छत्री धरणाऱ्या छत्रीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. छत्रीवाला थकलेला दिसत होता, त्याला आधार म्हणून. मोठ्या नानांच्या कानात कुणीतरी भलतंच भरलं.

मावशी म्हणाली, नाना, यंदा मैदान एकट्याने पार करायचं. कुणाचा खांदा नको, काठी नको. जमणार नसेल तर आत्ताच सांग, आसुफुआकडून फोर्जुर जाईल.

एकदा फोर्जुर गेला की पुढच्या वर्षीही तोच जाणार. मग छत्रीही त्याचीच आणि गादीही. मी म्हटलं, मावशी, मी असा चालत जाईन की बाकीच्यांना परत घरी जावंसं वाटेल.

ती म्हणाली, बघू.

११ सप्टेंबर, बुधवार. सकाळी सात

सराव सुरू. माझी चाल ही माझी स्वतःची निर्मिती आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. गादीवर आलो तेव्हा आरशासमोर बसवली. पंजे दोन्हीकडे पूर्ण बाहेर. पोट पुढे. राजचपला पावलापेक्षा मोठ्या असतातच, मी त्या आणखी मोठ्या करून घेतल्या. टाच टेकली की तळवा फटाक् वाजतो. गावाच्या त्या टोकाला बायका म्हणतात, नाना निघाले.

सेरवा अंगणात भांडी घासत होती. म्हणाली, बदक निघालं.

बायकोचं मत विचारलेलं नव्हतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर कोकोच्या बागेत. चिखल होता म्हणून रबरी बूट. चढावर चढलो, उतरलो, मजुरांवर ओरडलो. गुडघा अजिबात दुखला नाही.

घरी आलो. फोर्जुर भेटायला बसलेला. चपला घालून, माझ्या चालीने, बैठकीपर्यंत गेलो. गुडघ्यात सुरी फिरली.

पुरावा याहून काय हवा? तो समोर आला की दुखतं, नसला की नाही. काहीतरी करून आणलंय त्याने कुणाकडून तरी. सेरवाला सांगितलं तर म्हणते, अहो, तो आला की तुम्ही त्या पराती पायात अडकवून मिरवता, तो नसला की सपाता घालता. पराती! आसुफुआच्या राजचपलांना. ही बाई दुसऱ्या गावची आहे ते अशा वेळी कळतं.

२ ऑक्टोबर, बुधवार

मावशीने परस्पर कुमासीच्या एका क्लिनिकमध्ये वेळ घेतली. पाय आणि गुडघे बघणारी फिजिओ. गुप्तपणे गेलो. सोबत फक्त पेप्रा, छत्रीवाला, चपला सांभाळणारा, माझ्या पायाखालचं कातडं उचलणारा आणि गाडीच्या डिकीत एक मेंढी. मेंढीबद्दल पेप्राचं म्हणणं, असलेली बरी. नानांचं उघडं पाऊल चुकून जमिनीला लागलं तर गावावर अरिष्ट, ते मेंढी कापूनच शांत होतं. हॉस्पिटलची फरशी म्हणजे काय भरवसा.

बाईचं नाव डेडे लाम्टी. अक्राची. वय असेल तिशीचं. अक्राची माणसं समुद्र बघत वाढतात, त्यांना कुणाचं दडपण वाटत नाही.

तिने थेट मला विचारलं, कुठे दुखतंय? मी पेप्राकडे पाहिलं. पेप्राने हातातला मानाचा दंड जमिनीवर आपटून सांगितलं की आसुफुआचा भार वाहणाऱ्या उजव्या खांबाला थोडं विसावावंसं वाटतं आहे. ती म्हणाली, म्हणजे उजवा गुडघा ना?

मग म्हणाली, चपला काढा.

नानाला गादीवरून उतरवायचं असतं तेव्हा हेच दोन शब्द बोलतात, आणि मग चपला ओढून घेतात. चपलावाला रडायलाच लागला. पेप्राने तिला समजावलं. ती म्हणाली, मला त्यांची गादी नकोय हो, मला त्यांचं पाऊल बघायचंय. कपड्याच्या आतला फोड कपडा न काढता दिसतो का?

शेवटी तोड निघाली. कातडं अंथरायचं, मी त्यावर दोन पावलं चालायचं, मग मागचं कातडं उचलून पुढे अंथरायचं. ती फोनवर व्हिडिओ घेत होती. पहिल्या व्हिडिओत फक्त कातडं उचलणाऱ्याचं ढुंगण आलं. दुसऱ्यातही. तिसऱ्या वेळी ती ओरडली, बाजूला व्हा सगळे! तो दचकला, कातडं सरकलं आणि माझी टाच फरशीला लागली.

मेंढी घेऊन आले. तिने वेटिंग रूममधल्या कुंडीतलं झाड खाल्लं. तिथे कापायची परवानगी मिळाली नाही. परत आणून गावात कापली. मागची तंगडी फोर्जुर घेऊन गेला, हेही लिहून ठेवतो.

५ ऑक्टोबर, शनिवार

लाम्टीबाईंनी व्हिडिओ सेरवाच्या फोनवर पाठवला. सोबत आवाजातला निरोप. तिचं म्हणणं असं की गुडघ्यात काही बिघाड नाही. बिघाड चालण्यात आहे. पंजा बाहेर वळवून टाकला की पाऊल आतल्या बाजूला कलंडतं, त्याबरोबर नडगी आत फिरते, मांडी मात्र जिथल्या तिथे. मधल्यामधे गुडघा पिळवटतो. त्यात चपला एवढ्या मोठ्या की त्या पकडून ठेवायला बोटं आवळावी लागतात. गुडघा बिचारा दोन भांडखोर शेजाऱ्यांमध्ये राहतोय, म्हणाली.

उपाय: पावलं लहान. पंजे सरळ समोर. चपला मापाच्या, टाचेला मागून पट्टा. आणि रोज सकाळी जमिनीवर फडकं टाकून पायाच्या बोटांनी गोळा करायचं.

टाचेला पट्टा! पोरं घालतात ते शाळेत जाताना. आणि फडकं गोळा करायचं? आसुफुआच्या नानाने? माझ्या पायांकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत झाली नव्हती, आणि ही बाई व्हिडिओत लाल रेघ मारून दाखवते की अंगठा कुठे चाललाय ते पाहा.

व्हिडिओ पाहिला. फोन अक्राचा, रेघ अक्राची. माझा अंगठा इतका बाहेर जात नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी आवाज आला म्हणून स्वयंपाकघरात डोकावलो. सेरवा आणि तिच्या दोन बहिणी व्हिडिओ बघत होत्या. धाकटी खाली बसून हसत होती. मी खाकरलो तर म्हणतात, नाना, आम्ही मेंढीला हसत होतो. व्हिडिओत मेंढी नाहीच.

ठराव: आजपासून सेरवाशी फक्त पेप्रामार्फत बोलायचं.

दुपारी भूक लागली. पेप्रा लग्नाला गेलेला. ठराव सोमवारपासून.

१६ ऑक्टोबर, बुधवार

मोठा शोध लागला. लाम्टीबाई आमच्याच बाजूच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा येतात, आणि आज मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की फोर्जुरने त्यांच्या हातात केळ्यांचा घड दिला. त्यांनी घेतला. हसल्या.

म्हणजे कट आहे. मला पोस्टमनसारखं चालायला लावायचं, दरबारात माझी नाचक्की, मग फोर्जुर तयार. मावशीला सांगितलं. ती म्हणाली, नाना, त्याचीही कंबर दाखवायला तो गेला होता, केळी त्याची फी. म्हटलं, त्याला कंबर आहे कुठे? ती नुसती माझ्या पायांकडे बघत राहिली. हल्ली सगळे पायांकडेच बघतात.

२६ ऑक्टोबर, शनिवार

शेजारच्या गावी अंत्यविधी. काळं नेसून दिवसभर बसलो, मग सगळ्या नानांबरोबर मैदानाला फेरी. अर्ध्या फेरीतच गुडघा असा चमकला की डोळ्यांत पाणी आलं. अंत्यविधी होता म्हणून बरं, लोकांना वाटलं मी हळवा आहे. मयताची बायको येऊन माझं सांत्वन करून गेली.

नाना द्वोमोही होते. माझ्याहून वयाने मोठे, आमच्या शेजारच्या गादीचे. विहिरीवर पाणी आणायला निघाल्यासारखे चालतात. पावलं छोटी, सरळ, चपलांचा आवाज नाही, काही नाही. आले कधी, गेले कधी, कळत नाही. त्यांचा गुडघा दुखत नाही, कारण त्या चालण्यात दुखण्यासारखं काही नाहीच. जाताना मला म्हणाले, अन्तवी, इतकं झिजवून घेऊ नकोस रे, चपला नव्या मिळतात. मी पेप्रामार्फत त्यांचे आभार मानले. मनात जे आलं ते इथे लिहिण्याजोगंसुद्धा नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

विजय!

डोंगराकडच्या वैद्याने मलम दिलं आहे. बोकडाची चरबी, शियाच्या बियांचं लोणी आणि कसली तरी साल. वास असा की सेरवाने बिछाना दुसऱ्या खोलीत नेला, हा आणखी एक फायदा. मलम लावल्यापासून दुखणं साफ गेलं. याच दिवसांत चपला सोन्याचा वर्ख चढवायला कारागिराकडे आहेत, घरात जुन्या मापाच्या सपाता घालून फिरतो आहे, पण ते सोडा. मलमाचाच गुण.

पेप्राला म्हटलं, लाम्टीबाईंना कळव की त्यांचं सगळं शास्त्र बोकडाने हरवलं. पेप्राने कळवलं. काय कळवलं ते विचारलं तर म्हणे, नाना तुमचे ऋणी आहेत आणि फडकं रोज गोळा करतात, असं.

माणूस बदलायला हवा. पण त्याचा बापही ओच्यामे होता, आणि त्याचा मुलगाही होणार. यातून सुटका नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

चपला आल्या. डोळे दिपतात. तळवे आणखी जाड करायला सांगितले होते, तसे केले आहेत. अंगणात चालून पाहिलं. फटाक्! कोंबड्या पळाल्या. पिंपळाएवढा आवाज घुमतो आहे असं पेप्रा म्हणाला, त्याला बरोबर काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या फेरीला दुखायला लागलं. मलम कमी पडलं असणार. दुप्पट लावलं.

पाचव्या फेरीला खाली बसलो. म्हणजे बसावंसं वाटलं. सगळ्यांना सांगितलं, नाना विचार करत आहेत.

२३ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी

उद्याची योजना पक्की आहे. मैदानात शिरलो की क्षणभर थांबायचं. सगळे बघतील. मग पहिला फटाक्. नगारेवाल्यांना निरोप दिला आहे, माझ्या पावलाच्या तालावर वाजवा. मोठ्या नानांसमोर पोचेपर्यंत फोर्जुरचं तोंड आंबट झालेलं असेल. ते बघायला मी मान किंचित डावीकडे वळवणार आहे. तो तिथेच बसतो.

सेरवाने मापाच्या साध्या चपला पिशवीत घालून दिल्या, असू द्या म्हणाली. पिशवी गाडीतून खाली उतरवून ठेवायला सांगितली आहे.

मावशी आज चपला बघून गेली. निघताना नुसतं विचारलं, जाशील ना रे नीट? म्हटलं, बघत राहा.

२४ नोव्हेंबर, रविवार. घरी

मैदानात शिरलो. क्षणभर थांबलो. सगळ्यांनी पाहिलं. इथपर्यंत योजनेप्रमाणे.

फटाक्. फटाक्. नगारे माझ्या पावलावर. मागून आमची माणसं रीतीप्रमाणे म्हणत होती, नाना, सावकाश, नाना, सावकाश. लोक उभे राहून बघत होते. मी मान डावीकडे वळवली. फोर्जुरचं तोंड आंबट नव्हतं. काळजीत दिसला. मला ते जास्तच लागलं. मी पाय आणखी बाहेर टाकला.

मैदानाच्या बरोबर मध्यावर गुडघा अडकला. पुढे नाही, मागे नाही. आतून कुणीतरी पिळा घालून धरल्यासारखा. उभा राहिलो. नगारेवाल्यांना वाटलं हा थाट आहे, त्यांनी जोर वाढवला. पेप्रा ओरडला, नाना भूमीला न्याहाळत आहेत! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी न्याहाळत राहिलो. टाळ्या संपल्या. नगारे थकले. पेप्राची वाक्यंसुद्धा संपली, हे मी पहिल्यांदा पाहिलं. छत्रीवाला कुजबुजला, नाना, खांदा देऊ? नको म्हटलं. खांदा घेतला की संपलं. त्याला सांगताना माझा आवाज रडका झाला, तो त्याने ऐकला.

फोर्जुर उठला. झालं, म्हटलं. पण मावशीने हात करून त्याला खाली बसवलं आणि ती स्वतः उठली. ऐंशी उलटलेली बाई, एवढं मैदान चालत आली. वाटेत सगळे वाकत होते, तिने कुणाकडे पाहिलं नाही. माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मुजरा केला नाही, नाना म्हटलं नाही. म्हणाली, क्वाबेना, पाय सरळ टाक.

माझं हे जन्माचं नाव गादीवर बसल्या दिवशी बंद झालं. ते घेणारी सगळी माणसं एक तर गेली, नाही तर मला नाना म्हणायला लागली. भर मैदानात, साऱ्या मुलखासमोर, तिने ते घेतलं, आणि मला राग यायला हवा होता. आला नाही. रडू आलं.

म्हणाली, लहान टाक. समोर बघ. माझ्याबरोबर.

चपला काढता येत नाहीत, म्हणून बोटांनी त्या घट्ट धरायचं सोडून दिलं. पंजा सरळ केला. एक पाऊल टाकलं. मग आणखी एक. तिने हात धरला नव्हता, नुसती बाजूने चालत होती. थोडं पुढे गेल्यावर मागे राहिली. कळलं तेव्हा मी एकटाच होतो.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून नाना द्वोमोंची मंडळी सलामीच्या बंदुका झाडत आत आली. सगळं मैदान तिकडे वळलं. मी सरळ, छोट्या पावलांनी, आवाज न करता मोठ्या नानांपर्यंत पोचलो, मुजरा केला. त्यांनी मान हलवली. ते बंदुका बघत होते. मी समोर उभा असताना लाउडस्पीकरवाला विचारत होता, आसुफुआचे नाना अजून आले नाहीत का?

फोर्जुरने उठून त्याला सांगितलं की आलेत.

एकट्याने पार केलं. खांदा नाही, काठी नाही. मावशी गाडीत शेजारी बसली, पुन्हा नाना म्हणायला लागली. मी तिला काहीतरी बोलणार होतो. पेप्रा पुढच्या सीटवर होता, म्हणून राहिलं.

मैदानाच्या मध्यापासून मोठ्या नानांपर्यंत, तिथून गाडीपर्यंत, गाडीतून घरापर्यंत, फोर्जुरच्या जिन्याच्या सगळ्या पायऱ्या चढून या खोलीपर्यंत गुडघा दुखला नाही. एकदाही नाही.

आत्ता सेरवा दारात येऊन विचारून गेली, कसा आहे गुडघा?

म्हटलं, फार दुखतोय.